कबुतरांकडे बघणाऱ्या बाई

बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. भांडुपच्या त्या कंपनीत पंख्यांचे भाग बनायचे. एका सोमवारी बाबा डबा घेऊन गेले आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आले. गेटला टाळं होतं. आईने डबा उघडला आणि तीच भाजी दुपारी आम्हाला वाढली. त्याआधी आजोबांची गिरणी गेली होती. आई म्हणायची, "आमच्या घराक गेटांचा काय वाकडा आसा, देव जाणे."

मग बाबा मुलुंडच्या एका टॉवरला वॉचमन झाले. म्हणजे परत गेटच. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. आमची खोली टेकडीवर. पाणी खालपर्यंत यायचं, वर आम्ही आणायचो. माझा अर्धा अभ्यास पाण्याच्या रांगेत झाला आहे. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. तिथे उजेड चांगला असायचा, एवढंच.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी नववीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बारावी झाले आणि गणित घेऊन बीएस्सीला गेले. तेव्हापासून घरात एकच धाकधूक होती, हे किती दिवस चालणार? आईचं म्हणणं साफ होतं. कॉलेजचा खर्च तू तुझा काढतेस तोवर शिक. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी मॉलमध्ये काउंटरला उभी राहा. शेजारच्या वहिनी तिथेच कामाला होत्या, त्यांनी शब्द टाकायचं कबूल केलं होतं. आईचा मला राग नाही. वॉचमनच्या पगारावर आणि पोळ्यांच्या पैशांवर टेकडीवरचं घर चालवून बघा, मग बोला.

माझं कॉलेज चाललं ते शिकवण्यांवर. आणि शिकवण्या मिळाल्या त्या बाईंमुळे.

सगळी मुलं त्यांना टीचर म्हणायची. मी बाई म्हणायचे, कारण मी पालिकेच्या शाळेतली, आणि तिथे शिकवणारीला बाईच म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे. अंगात सुती पंजाबी ड्रेस, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला पट्ट्याने अडकवलेलं एक घडीचं स्टूल. हे स्टूल घेऊन त्या मुलुंड, भांडुप, कधी घाटकोपर असं फिरायच्या आणि आठवी ते दहावीच्या मुलांना घरी जाऊन शिकवायच्या. एका वेळी एकच मूल. दोन भावंडं असली तरी वेगवेगळ्या वेळा. "दोघं बसवली की एक शिकतो आणि दुसरा बघतो," असं म्हणायच्या.

बाबांच्या टॉवरमध्ये त्यांची एक विद्यार्थिनी होती. बाई नेहमी लवकर पोचायच्या आणि वेळ होईपर्यंत गेटवरच्या केबिनजवळ स्टूल टाकून बसायच्या. बाबांनी एकदा त्यांना सांगितलं, "माझी मुलगी पण गणितवाली आहे." बाबा हे दूधवाल्यालाही सांगायचे. बाई म्हणाल्या, "पाठवा तिला."

मी गेले. इस्त्रीचा ड्रेस, फाइलमध्ये मार्कशीट. बाईंनी फाइल उघडलीच नाही.

"तुला दहावीच्या गणितातलं काय येत नाही?"

"सगळं येतं," मी म्हटलं.

"मग तू नको."

मला असा राग आला! टेकडीवरून उतरून, बसला उभी राहून आले होते मी. म्हटलं, "भूमितीच्या रचना येतात, पण आवडत नाहीत. कंपास धरला की माझा हात थरथरतो. झालं समाधान?"

"झालं," बाई म्हणाल्या. "पोरांचा पण थरथरतो. आता ये."

आमची अशी सुरुवात. सुरुवातीचे काही महिने मी नुसती त्यांच्या मागे फिरत होते. त्यांना इतक्या ठिकाणांहून बोलावणं असायचं की एकटीने होत नव्हतं, आणि क्लासवाल्यांकडे मुलं सोपवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना आपल्या पद्धतीचं कोणीतरी तयार करायचं होतं.

पद्धत म्हणजे काय? पालकांना त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "वेळ तुमची, जागा तुमची, पद्धत माझी." आणि खरोखरच वेळेबद्दल, जागेबद्दल एका शब्दाने कुरकुर नाही. सहाचं साडेसात करा, चालेल. रविवारी या, चालेल. भांडुप स्टेशनबाहेर एक रिक्षावाले होते. त्यांच्या घरी आजारी माणूस होतं, बसायला जागा नव्हती. बाईंनी त्यांच्या मुलाला रिक्षाच्या मागच्या सीटवर शिकवलं. स्वतः स्टूल टाकून बाहेर, रिक्षाच्या मागे. स्टँडवरचे बाकीचे रिक्षावाले म्हणायचे, "मॅडम, मीटर टाका ना!" बाई म्हणायच्या, "टाकते. पण वेटिंग तुमच्याकडून घेईन."

विद्यार्थ्याच्या घरी त्या चहा-चिवडा काही घ्यायच्या नाहीत. स्वतःचा थर्मास आणायच्या आणि शिकवून झालं की जिन्यात उभ्या राहून प्यायच्या. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, "ज्या घरचा चिवडा खाल्ला त्या घरच्या आईला 'गप्प बसा' म्हणता येत नाही." आणि आयांना गप्प बसवायची वेळ त्यांच्यावर रोज यायची.

फोनवर त्या हॅलो म्हणायच्या नाहीत. फोन उचलला की पहिलं वाक्य, "बोला, कोण घाबरलंय?" कारण जानेवारीनंतर त्यांना येणारे सगळे फोन त्याच कारणासाठी असायचे. पण सवय लागली ती बारा महिने लागली. एकदा मी समोर असताना कर्ज घ्या म्हणून विचारणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचा फोन आला. बाई म्हणाल्या, "बोला, कोण घाबरलंय?" पलीकडचा मुलगा गडबडला, मग म्हणाला, "मीच, मॅडम. टार्गेट होत नाहीये." बाईंनी जिन्यातच बैठक मारली आणि त्या पोराशी इतका वेळ बोलत बसल्या की वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी शेवटी त्यांना शोधत खाली आला.

पण पालक वैतागायचे ते दोन गोष्टींवरून.

एक म्हणजे त्यांचं बसणं. नवीन गोष्ट समजावताना बाई मुलाशेजारी बसायच्या, भरभरून बोलायच्या, हातवारे करायच्या. पण मूल गणित सोडवायला लागलं की उठायच्या, स्टूल खिडकीशी न्यायच्या आणि मुलाकडे पाठ करून बाहेर बघत बसायच्या. मूल विचारायचं, "टीचर, बरोबर आहे?" बाई बाहेर बघतच म्हणायच्या, "मला काय माहीत? तू केलंयस."

एका आजीबाईंना ते सहन झालं नाही. मुलुंडच्या जुन्या सोसायटीतलं घर, पुस्तकांची कपाटं वगैरे. त्या म्हणाल्या, "अहो, मुलगा इथे गणितं करतोय आणि तुम्ही कबुतरं काय बघताय?"

"कबुतरांना गणित येत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघितलेलं बरं."

मला वाटायचं, बाई दमतात आणि कारण सांगून विश्रांती घेतात. दिवसाकाठी इतके जिने चढल्यावर मीही घेतली असती.

दुसरी गोष्ट याहून अवघड. बोर्डाला तीनेक आठवडे राहिले की बाई शिकवणं थांबवायच्या. ज्या दिवसांत बाकीचे क्लास जादा तास लावतात, सकाळ-संध्याकाळ पेपर सोडवून घेतात, त्याच दिवसांत या बाई जायच्याच नाहीत. पालक रडायचे, भांडायचे, दुप्पट घ्या म्हणायचे. बाई ढिम्म. कारण विचारलं तर प्रत्येकाला वेगळं सांगायच्या. एकाला सांगितलं, माझी कंबर धरते. दुसऱ्याला, माझं शिकवून संपलं. तिसऱ्याला, तुमचं मूल आता मला कंटाळलंय, विचारा त्याला. तरीसुद्धा जूनमध्ये नवी बोलावणी यायचीच.

बाईंनी मला स्वतंत्रपणे दिलेली पहिली मुलगी म्हणजे सानिका. भांडुप पूर्वेला राहायची. घरात आई आणि ती, दोघीच. आई घाटकोपरला विम्याच्या ऑफिसात. आधी तिला मोठ्या क्लासला घातलं होतं. तिथे शेवटच्या बाकावर बसून तिने नववीचं वर्ष नुसतं काढलं. मी जूनपासून जायला लागले.

आणि काय सांगू, पोरगी फुलली. एक-दोन महिन्यांत गणितं धडाधड सुटायला लागली. ती वहीतून मान वर करायची, माझ्याकडे बघायची, पुढची ओळ लिहायची. परत मान वर, परत ओळ. मी शेजारीच बसायचे. कबुतरांची थेरं मला जमणारी नव्हती. मला आपलं मुलीवर लक्ष ठेवून शिकवायचं होतं. सानिकाच्या आईने मला "मिस, तुम्ही" म्हणत त्याच बिल्डिंगमध्ये आणखी दोन घरं मिळवून दिली. माझं दुसरं वर्ष सुरू होतं. मी घरी सांगून टाकलं की तिसऱ्या वर्षाची काळजी मिटली.

डिसेंबरात तिची प्रिलिम झाली. बीजगणितात सानिका नापास झाली. काठावर नाही, चांगलीच.

सानिकाच्या आईने पेपर माझ्यासमोर टाकला. "घरी तर सगळं येतं हिला! हे गणित परवा तुझ्यासमोर केलं होतं ना हिने? मग घरी कोण करत होतं, ही की तू?" त्या एकदम 'तू'वर आल्या होत्या.

मी पेपर बघत होते. सगळी ओळखीची गणितं. अर्ध्यावर सोडलेली, खोडलेली, परत लिहून परत खोडलेली. सानिका कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. म्हणाली, "मिस, मला कळतच नव्हतं कुठे थांबायचं."

त्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या दोघींनी त्याच आठवड्यात "बघू पुढे" असं कळवलं. तोंडाने कोणी वाईट बोललं नाही, पण एका बिल्डिंगमधली बातमी किती वेगाने फिरते ते मला माहीत आहे. सानिकाच्या आईने मात्र मला काढलं नाही. म्हणाल्या, "आता नवीन कोण शोधू मी? बोर्डाला ही पास झाली पाहिजे. नाहीतर तुझी जबाबदारी." घरी आईने पोळपाट धुता धुता म्हटलं, "तां चेडू पास झाला नाय तर तुका कोण इचारतलो गो? मॉलातला काम काय वायट नाय."

वाईट नव्हतंच. पण मला तिसरं वर्ष करायचं होतं. आणि ते आता एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या बीजगणितावर येऊन अडकलं होतं. त्या दिवसांत मला भूक लागायची नाही. बसमध्ये बसले तरी वर्गसमीकरणं डोक्यात फिरायची.

मी बाईंना फोन केला.

"बोला, कोण घाबरलंय?"

"मी," म्हटलं आणि सगळं सांगितलं.

बाई आल्या. सानिकाला म्हणाल्या, "तू तुझं चालू ठेव, मी बसलेय." नेहमीप्रमाणे खिडकीशी जातील असं मला वाटलं. पण त्यांनी स्टूल बरोबर माझ्यासमोर टाकलं आणि तासभर माझ्याकडे बघत राहिल्या. सानिकाकडे नाही, वहीकडे नाही. माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, बाई मला काढणार.

खाली उतरल्यावर त्यांनी थर्मास उघडला. "तुला माहितीय का, तुझी डावी भुवई वर जाते?"

"काय?"

"मुलीने चूक लिहिली की वर जाते. बरोबर लिहिलं की खाली बसते आणि तू बारीकसं 'हं' म्हणतेस. पोरगी हुशार आहे गं. गणित करतच नाहीये ती. तुझी भुवई वाचतेय."

मी म्हटलं, "काहीतरीच!"

"उद्या बघ. बरोबर लिहील तेव्हा मुद्दाम भुवई वर कर."

दुसऱ्या दिवशी मी एक सोपं वर्गसमीकरण दिलं. सानिकाने अवयव पाडले, मायनस तीन आणि मायनस चार. अगदी बरोबर. तिने मान वर केली. मी भुवई उचलली. मला स्वतःची लाज वाटत होती, पण उचलली.

सानिकाने क्षणभरही विचार केला नाही. मायनस चारवर रेघ मारली आणि प्लस चार केलं. परत माझ्याकडे बघितलं. भुवई वरच होती. तिने मायनस तीनवरही रेघ मारली.

सहा महिने ही मुलगी माझ्या तोंडावर गणितं सोडवत होती. मोठ्या वर्गात असं होत नाही, तिथे शिकवणाऱ्याच्या भुवया शेवटच्या बाकावरून दिसत नाहीत. हे आमच्याच धंद्यात होतं. एक खोली, एक मूल आणि हातभर अंतरावर आपलं तोंड. बाई त्या दिवशीही आल्या होत्या आणि जिन्यात थांबल्या होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "परीक्षेला ती तुझी भुवई घेऊन जाऊ शकत नाही. हॉलतिकिटावर तेवढी सोय नाही."

"मग तुम्ही खिडकीत म्हणून बसता?"

"माझ्या तर दोन्ही वर जातात," बाई म्हणाल्या. "नाकपुड्यांसकट."

त्या दिवसापासून मीही खिडकीशी गेले. सानिकाच्या खिडकीत कबुतरं नव्हती, समोरच्या बिल्डिंगच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे होते. ते मला पाठ झाले. पहिले काही दिवस भयंकर गेले. "मिस, बरोबर आहे का?" मी गप्प. "मिस, निदान सांगा ना, इथपर्यंत बरोबर आहे का?" मी गप्प. एकदा तिने पेन भिंतीवर फेकलं आणि रडली. मला वळून तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. पण वळले असते तर तोंड दिसलं असतं. मी समोरच्या परकराकडे बघत म्हटलं, "किंमत घालून बघ. समीकरणच तुला सांगेल."

सानिकाच्या आई एकदा लवकर घरी आल्या आणि दारातच थांबल्या. "हे काय चाललंय? एक रडतेय, एक खिडकीत उभी!"

"काकू, ती माझ्याकडे बघून उत्तरं लिहिते," मी म्हटलं.

"मग तिने कोणाकडे बघायचं? भिंतीकडे?"

"हो."

त्यांनी पर्स कॉटवर टाकली आणि आत गेल्या. मला त्या काढून टाकतील तर बरं, असंही त्या क्षणी वाटून गेलं. निदान रोजची धाकधूक संपली असती.

जानेवारी असा गेला. सानिकाची गणितं सावकाश झाली. आधी दहा करायची त्या वेळात आता तीन. त्यातलं एक चुकायचं. मग फेब्रुवारीत बाईंचा फोन आला. "आता थांब."

मी म्हटलं, "बाई, नाही. प्लीज. ती आत्ता कुठे उभी राहतेय. माझं ऐका, हिच्यापुरतं नियम बाजूला ठेवा."

"थांब म्हटलं ना."

"ती नापास झाली तर माझं कॉलेज संपलं! तुम्हाला काय जातंय थांब म्हणायला?"

बाई म्हणाल्या, "म्हणजे तू तिच्यासाठी जाणार नाहीयेस. तुझ्यासाठी जाणार आहेस. मग तर मुळीच जाऊ नकोस."

इतकं तोंडावर मला कोणी बोललं नव्हतं. मी फोन ठेवून दिला. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण सानिकाकडे गेलेही नाही. का ऐकलं, ते आजही नीट सांगता येणार नाही. त्यांचं पटलं होतं म्हणून नाही. भुवईचं खरं निघालं होतं, म्हणून कदाचित हेही निघेल, असं वाटलं असावं.

सानिकाच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या आईला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. "शिकवण्याचे पैसे घेतंस आणि ऐन वेळेक जावचा नाय? ह्या खंयचा शिक्षण गो?" वहिनी संध्याकाळी येऊन सांगून गेल्या की मॉलमध्ये जूनपासून जागा आहे, कळव लवकर. मी माझ्या परीक्षेची पुस्तकं उघडायचे आणि त्याच पानावर बसून राहायचे.

पेपरच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी सानिकाचा फोन आला. मी उचलला आणि माझ्याही नकळत म्हटलं, "बोल, कोण घाबरलंय?"

ती म्हणाली, "मी. आणि तुम्ही पण, ना?"

"हो."

"मिस, एक गणित दोनदा केलं, दोन वेगळी उत्तरं आली. तुम्ही उत्तर सांगू नका. मी परत करते. फक्त फोन ठेवू नका."

तिने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पेनाचा. मी फोन कानाला लावून आमच्या उंबऱ्यात बसले. गल्लीत कोणीतरी बादल्या आपटत होतं. माझ्या तोंडून 'हं' निघेल या भीतीने मी ओढणी तोंडात धरली होती. पेन चालायचं, थांबायचं. मग खोडल्याचा आवाज आला. कुठे खोडलं असेल? बरोबर होतं तेच खोडलं का? विचारायची सोय नव्हती. मग परत पेन. बराच वेळ.

"मिस?"

मी गप्प.

"किंमत घालून बघितली. बरोबर आहे," सानिका म्हणाली.

ती विचारत नव्हती. सांगत होती. जूनपासून पहिल्यांदा. "ठेवते," म्हणाली आणि फोन ठेवला. ओढणीला माझे दात उमटले होते.

बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी बाईंनी मला घरी बोलावलं. आम्ही भांडलो होतो त्याबद्दल ना त्या बोलल्या, ना मी. त्यांच्या घरात पहिल्यांदाच जात होते. मुलुंड पूर्वेची दोन खोल्यांची जागा, एकट्याच राहायच्या. जमिनीवर वर्तमानपत्र आणि त्यावर मोड आलेल्या कडव्या वालांचा ढीग. एवढे वाल एका माणसासाठी कोणी भिजवत नाही.

"बस. सोल," बाई म्हणाल्या.

आम्ही वाल सोलायला लागलो. त्या वर्षी त्यांची चार-पाच मुलं पेपरला बसली होती, माझी एक. मी बघितलं, बाईंचे हात थरथरत होते. डाळिंब्या हातातून निसटून लांब उडत होत्या. एक तर गॅसखाली गेली.

"बाई, तुम्ही पण घाबरता?"

"दरवर्षी. पहिल्या वर्षी मी एका मुलाबरोबर शाळेच्या गेटपर्यंत गेले होते. त्याचा हात धरला होता. तो आत गेला तेव्हा त्याचा हात माझ्यासारखाच कापत होता. घरातून निघाला तेव्हा कापत नव्हता." त्या साल काढायला लागल्या. "माझी भीती मुलांना चिकटते. ऐन दिवसांत तर फारच. म्हणून लांब राहते. कंबर-बिंबर काही नाही."

आम्ही सोलत राहिलो. पेपर सुटायच्या वेळेला आमच्या पुढ्यात टोपभर सोललेले वाल होते, आणि बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. फोन वाजला. बाईंचा नाही, माझा. सानिकाची आई. मी उचलला नाही, माझी हिंमत झाली नाही. बाईंनी उचलला.

"बोला, कोण घाबरलंय?" मग ऐकत राहिल्या. मला म्हणाल्या, "पेपर चांगला लिहिला म्हणतेय. एक गणित राहिलं. खोडाखोड नाही." आणि त्या उठून खोबरं किसायला गेल्या. त्या दिवशी मी तिथे त्याच वालांच्या बिरड्याचे तीन वाडगे खाल्ले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा भूक लागली होती.

निकालाच्या दिवशी मी कॉलेजमध्ये होते. सानिकाचा फोन आला. पास. बीजगणितात फार मोठे मार्क नाहीत, पण तिच्या स्वतःच्या हाताने मिळवलेले. सानिकाच्या आईने मग फोन घेतला आणि त्या "मिस, तुम्ही" वर परत आल्या. म्हणाल्या, "तुमच्यावर मी फार चिडले होते. अजूनही थोडी चिडलेय." मी म्हटलं, "चिडा, काकू. पण बिल्डिंगमधल्या त्या दोघींना सांगा पास झाली म्हणून."

बाईंना कळवायला फोन केला तर म्हणाल्या, "मला मार्क सांगू नकोस. ते तिचे आहेत." आणि लगेच घाटकोपरच्या एका नवीन मुलाचा पत्ता द्यायला लागल्या.

त्यांची बिल्डिंग पुढे पाडायला काढली, तेव्हा त्या ठाण्याच्या पलीकडे भाड्याने राहायला गेल्या. एवढ्या लांबून मुलुंड-भांडुपला येणं झेपेना, तेव्हा त्यांनी इथली सगळी मुलं मला दिली. तिकडे नवीन शोधली असणार, मला खात्री आहे. आमचं महिन्यातून एकदा तरी बोलणं होतं. त्या घाबरलेल्या असतात किंवा मी.

वहिनींना मी जूनच्या आधीच नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, गणितात बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते, कोणाला खुपत असेल तर खुपू दे. आज भांडुपमध्ये माझ्याकडे दरवर्षी दहावीची मुलं येतात, एका वेळी एक. फेब्रुवारीत मी त्यांना सोडते आणि ती आपापला पेपर आपापला लिहून येतात.